हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, तर ती नेमकी कुठे हरवली ते कसे शोधावे

‘हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण तिच्या पोटात किमान चार निरनिराळे बिघाड असू शकतात. कोणाची डिस्क मुळात फिरतच नसते. कोणाची फिरते, पण बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होऊन संगणकाचे भाग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, यादीत येत नाही. कोणाची बायोसमध्ये नीट दिसते आणि विंडोज सुरू झाल्यावर गायब होते. आणि कोणाची विंडोजलाही व्यवस्थित माहीत असते, फक्त तिला सी, डी, ई यांसारखे अक्षर न मिळाल्यामुळे ती नेहमीच्या खिडकीत उमटत नाही. या चौघांनाही एकच उपाय सांगणारा सल्ला, म्हणजे बहुधा ‘फॉरमॅट करून बघा’ हा सल्ला, पहिल्या तिघांच्या बाबतीत निरुपयोगी आणि चौथ्याच्या बाबतीत घातक असतो. म्हणून या लेखात उपायांची यादी देण्याऐवजी, वीजपुरवठ्यापासून फाइलपर्यंतच्या वाटेवर डिस्क कोणत्या टप्प्यावर हरवते हे क्रमाने शोधण्याची पद्धत दिली आहे. टप्पा सापडला, की उपाय सहसा आपोआपच सुचतो.

हात लावण्यापूर्वी एक निर्णय

डिस्कवर असलेल्या डेटाची दुसरी प्रत कुठे आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारावा. प्रत असेल, तर पुढची प्रत्येक पायरी निर्धास्तपणे करून पाहता येते. चुकले तर फार तर डिस्क जाईल. प्रत नसेल आणि डेटा मोलाचा असेल, तर मात्र काम डिस्क वाचवण्याचे नसून डेटा वाचवण्याचे आहे, हे मनाशी पक्के करावे. ही दोन कामे पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. डिस्क ‘दुरुस्त’ करणारी जवळजवळ प्रत्येक सोय तिच्यावर काही ना काही लिहिते, आणि ज्या डिस्कमधून डेटा काढायचा आहे तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाऊ नये, असा या कामातला पहिला नियम आहे.

पहिली पायरी: कान लावणे

फिरत्या तबकड्यांच्या डिस्कला वीज मिळाली, की आधी मोटर वेग घेत असल्याची हलकी घरघर ऐकू येते, मग तबकडी वाचणारे डोके जागेवर गेल्याचे एक-दोन बारीक टक आवाज होतात आणि त्यानंतर शांतता पसरते. हा क्रम ऐकू आला, तर डिस्कचे यांत्रिक अंग बहुधा ठीक आहे. आवाज अजिबात नसेल, तर वीज पोहोचत नाही, डिस्कच्या खालचा सर्किट बोर्ड गेला आहे किंवा मोटर अडकली आहे. आणि ठरावीक लयीत टक्‌… टक्‌… टक्‌ असा आवाज येऊन डिस्क थांबत असेल, पुन्हा फिरत असेल आणि पुन्हा थांबत असेल, तर ताबडतोब वीज बंद करावी.

या टकटकीचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. वाचणारे डोके तबकडीला न टेकता तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगत असते. आपण कुठे आहोत हे त्याला तबकडीवर कारखान्यातच कोरलेल्या खुणांवरून कळते. या खुणा वाचता आल्या नाहीत, की डोके मागे येते आणि पुन्हा प्रयत्न करते; तोच तो आवाज. शिवाय डिस्क चालवणारे अंतर्गत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, काही अंशी तबकडीवरच साठवलेले असते. डोक्याला ते वाचता आले नाही, तर डिस्कला स्वतःचे नाव आणि क्षमताही संगणकाला धड सांगता येत नाही, आणि मग ती बायोसमध्ये येत नाही किंवा शून्य क्षमतेची म्हणून येते. अशा डिस्कला पुनःपुन्हा वीज देणे म्हणजे मोडक्या डोक्याने तबकडी खरवडण्याचा धोका पत्करणे होय. हे काम धूळमुक्त कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचे आहे.

याच ठिकाणी तीन लोकप्रिय उपायांचा निकाल लावून टाकतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवल्याने तिच्यात बाष्प साचते. तिला टिचकी मारल्याने डोके तबकडीवर आपटू शकते. आणि तशाच मॉडेलचा सर्किट बोर्ड काढून बसवणे हा उपाय जुन्या डिस्कांवर कधीकाळी चालत असे. आजच्या बोर्डावरील एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कचीच मोजमापे साठवलेली असतात, त्यामुळे ती चिप किंवा तिच्यातील मजकूर हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून सहसा काही साधत नाही.

दुसरी पायरी: वीज आणि केबल

सर्वाधिक डिस्का इथेच सापडतात, आणि तरीही ही पायरी सर्वाधिक वेळा घाईत उरकली जाते. संगणक पूर्ण बंद करावा, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचा खटका बंद करून वायर काढावी, लॅपटॉप असल्यास चार्जर काढून शक्य असेल तर बॅटरीही सोडवावी, आणि अंगावरची स्थिर वीज उतरवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा.

डेस्कटॉपमधील डिस्क सहसा साटा या पद्धतीने मदरबोर्डला जोडलेली असते. अशा डिस्कला दोन जोडण्या असतात: ७ पिनांची अरुंद जोडणी डेटासाठी आणि १५ पिनांची रुंद जोडणी विजेसाठी. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. तेवढ्याने काम झाले नाही, तर आधी फक्त डेटा केबल बदलावी, मग फक्त मदरबोर्डवरचे पोर्ट बदलावे, मग फक्त विजेची दुसरी जोडणी वापरावी. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा आग्रह कंटाळवाणा वाटतो, पण तीन गोष्टी एकदम बदलून डिस्क सुरू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि तीच सदोष केबल महिन्याभराने दुसऱ्या डिस्कला लावली जाते.

विजेच्या केबलबाबत एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. ज्या पॉवर सप्लायच्या केबली सुट्या होतात, त्याच्या केबली दुसऱ्या पॉवर सप्लायला लावू नयेत, जरी त्या तंतोतंत बसत असल्या तरीही. डिस्ककडचे टोक प्रमाणित असते, पॉवर सप्लायकडचे नसते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, की डिस्कचा बोर्ड क्षणात जळतो. डेस्कटॉपसाठीच्या बाहेरच्या डिस्कांचा अडॅप्टर सामान्यतः १२ व्होल्टचा असतो आणि लॅपटॉपचा चार्जर बहुधा १९ व्होल्टच्या आसपास. दोघांचे टोक सारखे दिसले म्हणून अदलाबदल केल्यानेही हेच होते.

बाहेरच्या केसिंगमधून काढलेली मोठ्या क्षमतेची डिस्क कॅबिनेटमध्ये बसवल्यावर फिरतच नसेल, तर ती खराब आहे असे समजण्याची घाई करू नये. साटाच्या ३.३ या आवृत्तीपासून विजेच्या जोडणीतील तिसऱ्या पिनला वेगळे काम देण्यात आले: त्या पिनवर वीज असेल, तर डिस्क बंद राहते. जुन्या धाटणीचे पॉवर सप्लाय मात्र तिथे ३.३ व्होल्ट कायम देत असतात. त्यामुळे डिस्क निमूटपणे आज्ञा पाळून झोपून राहते आणि आपण तिला मृत घोषित करतो. ज्यात ३.३ व्होल्टची वायरच नसते अशी, चार पिनांच्या मोलेक्स जोडणीवरून येणारी केबल वापरली, की ती उठून बसते. फक्त ती केबल चांगल्या प्रतीची असावी; साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या टोकांच्या हलक्या केबली आतल्या आत तापून पेट घेतल्याची उदाहरणे आहेत.

यूएसबीने जोडलेल्या डिस्कसाठी

खिशात मावणारी अडीच इंची डिस्क आपली सगळी वीज यूएसबीतून घेते. यूएसबी २.० चे पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलीअँपिअर आणि ३.० चे ९०० मिलीअँपिअर देते. मोटर वेग घेताना डिस्कची मागणी सर्वाधिक असते. म्हणून वीज न पुरल्यास डिस्क घरघरते, क्लिक करते आणि बंद पडते, आणि हा आवाज वर सांगितलेल्या टकटकीसारखाच भासू शकतो. हब आणि लांब केबल बाजूला ठेवून डिस्क संगणकाच्या मागच्या बाजूच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या, पोर्टला आखूड केबलने एकदा जोडून पाहावी. आवाज गेला, तर दोष विजेचा होता. तरीही तोच आवाज राहिला, तर तिथेच थांबावे.

केबलीही फसव्या असतात. काही टाइप-सी केबली केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या असून त्यांतून डेटा जातच नाही. डिस्कचा दिवा लागतो आणि संगणकाला मात्र काहीच कळत नाही. अशाच एका केबलपायी एक अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर (उपकरणाशी बोलण्यासाठी विंडोजला लागणारे छोटे सॉफ्टवेअर) काढण्या-घालण्यात घालवल्यानंतर, चार्जिंगच्या केबलींना रंगीत चिकटपट्टी लावून वेगळे ठेवण्याची सवय मला लागली.

केबल आणि पोर्ट बदलूनही फरक पडला नाही, तर केसिंगमधला यूएसबीचे साटात रूपांतर करणारा छोटा बोर्ड गेलेला असू शकतो. मग डिस्क बाहेर काढून थेट साटाला जोडता येते. पण दोन अडथळे आधीच माहीत असावेत. काही पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबीची जोडणी डिस्कच्या स्वतःच्या सर्किट बोर्डावरच असते आणि साटाची जोडणी नसतेच. आणि काहींमध्ये तो छोटा बोर्ड सगळा डेटा सांकेतिक रूपात लिहितो किंवा सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या साठवणुकीच्या सर्वांत लहान कप्प्याचा, आकार वेगळा दाखवतो. अशी डिस्क थेट जोडल्यावर रिकामी किंवा अनोळखी दिसली, तरी आतला डेटा गेलेला नसतो.

तिसरी पायरी: बायोसला विचारणे

संगणक सुरू होताना डिलीट, एफ २ किंवा उत्पादकाने सांगितलेली अन्य कळ दाबून बायोसमध्ये जावे आणि साठवणुकीच्या साधनांची यादी पाहावी. ऑपरेटिंग सिस्टिम अजून सुरू झालेली नसल्यामुळे इथली साक्ष निःपक्षपाती असते. डिस्क इथे नाव आणि योग्य क्षमतेसह दिसली, तर वीज, केबल आणि फर्मवेअर यांची तपासणी संपली. पुढच्या पायरीकडे वळावे. इथे दिसली नाही, तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ आहे.

मात्र डिस्क धडधाकट असूनही बायोसच्या यादीत न येण्याची काही कारणे असतात. पुष्कळ मदरबोर्डांवर एम.२ नावाची, पट्टीसारखी डिस्क थेट बसवण्याची खाच आणि एखाद-दुसरे साटा पोर्ट एकाच मार्गिकेवर असतात; नवी एम.२ एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क, बसवली, की ते पोर्ट बंद होते आणि जुनी डिस्क ‘अचानक’ गेल्यासारखी वाटते. कोणते पोर्ट बंद होते ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. उलट बाजूने, एम.२ आकाराच्या एसएसडी दोन जातींच्या असतात, साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. खाच एकाच जातीची असेल, तर दुसरी एसएसडी बसते छान, पण ओळखली जात नाही.

बायोसमध्ये फिरताना साटा डिस्कांशी बोलण्याची एएचसीआय किंवा रेड (अनेक डिस्का एकत्र वापरण्याची सोय) ही पद्धत सहज म्हणून बदलू नये. ज्या पद्धतीत विंडोज बसवले गेले, ती बदलल्यास ते सुरू होतानाच निळ्या पडद्यावर अडखळते. इंटेलच्या अलीकडच्या अनेक लॅपटॉपांमध्ये डिस्का इंटेलच्या खास नियंत्रकामार्फत हाताळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते. तिच्यामुळे विंडोज नव्याने बसवताना ‘एकही ड्राइव्ह सापडली नाही’ असा संदेश येतो. डिस्क तिथेच असते, फक्त तिचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. व्हीएमडी बंद करूनही काम होते, पण विंडोज आधीच बसलेले असेल तर तसे करू नये.

चौथी पायरी: डिस्क मॅनेजमेंट

विंडोजच्या चिन्हाची कळ आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. त्या पट्टीवर काय लिहिले आहे, यावरच आता सारे अवलंबून आहे.

पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वापरण्यासाठी आखलेला भाग, निळ्या रेघेसह व्यवस्थित दिसत असून केवळ अक्षर नसेल, तर उजवे क्लिक करून अक्षर द्यावे. काम दोन क्षणांचे आहे. ‘ऑफलाइन’ असे लिहिले असेल, तर डाव्या चौकोनावर उजवे क्लिक करून ती ऑनलाइन करावी. एका डिस्कची हुबेहूब प्रत बनवून दोन्ही एकाच संगणकाला जोडल्या, तर दोघींची ओळखखूण सारखीच असल्यामुळे विंडोज एकीला असे बाजूला ठेवते. ऑनलाइन करताना विंडोज तिच्यावर नवी खूण लिहिते, म्हणून डेटा काढायचा असलेल्या मूळ डिस्कवर हे करू नये. तिला एकटीलाच जोडावे.

‘इनिशियलाइज नाही’ असे असेल, तर दोन शक्यता आहेत. डिस्क कोरी करकरीत नवी असेल, तर खुशाल इनिशियलाइज करावे, म्हणजे पार्टिशनांची नोंद ठेवायला ती तयार करावी, आणि त्या नोंदीचा जीपीटी हा प्रकार निवडावा. जुन्या एमबीआर पद्धतीला २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. पण काल चालत असलेली डिस्क आज हा संदेश देत असेल, तर खिडकी आपोआप उघडली तरी ती रद्द करावी. पार्टिशनची नोंद गेली आहे किंवा वाचता येत नाही, एवढेच त्यातून कळते. फाइली बहुधा आपल्या जागी असतात.

‘रॉ’ असे लिहिले असेल, किंवा ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा’ अशी सूचना येत असेल, तर विंडोजला फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची मांडणी, समजलेली नाही. कधी ती खरोखर बिघडलेली असते, आणि कधी ती मॅक किंवा लिनक्सवर बनवलेली असते व विंडोजला ती भाषाच येत नसते. म्हणून ही डिस्क शेवटची कुठे वापरली होती, हे आधी आठवावे. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.

क्षमता चुकीची दिसत असेल, तर जुन्या यूएसबी अडॅप्टरवर संशय घ्यावा. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची म्हणून दिसणे हे त्याचे ठळक लक्षण आहे: सेक्टर मोजायला ३२ बिटच हाताशी असलेला अडॅप्टर साधारण २.२ लाख कोटी बाइटनंतर पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, आणि उरलेली बाकी तेवढीच दाखवतो. अडॅप्टर बदलेपर्यंत अशा डिस्कवर काही लिहू नये.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच नसेल, पण बायोसमध्ये डिस्क असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हाची नोंद शोधून ती अनइन्स्टॉल करावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन केल्यास विंडोज अर्धवट झोपेत न जाता पूर्ण बंद होते. तेही एकदा करून पाहावे. मॅकवर डिस्क युटिलिटीत ‘सर्व उपकरणे दाखवा’ हा पर्याय निवडल्याशिवाय पार्टिशन नसलेली डिस्क दिसत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पाचवी पायरी: प्रकृती पाहणे आणि प्रत काढणे

डिस्क दिसू लागली, तरी लगेच चेकडिस्क हे विंडोजचे दुरुस्तीचे साधन चालवू नये. ते फाइल सिस्टिमची सुसंगती साधण्यासाठी बनवले आहे, आपल्या फाइली वाचवण्यासाठी नव्हे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास ताण देते आणि अर्धवट नोंदी खोडूनही टाकते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी, पाहाव्यात. ५ क्रमांकाची नोंद बदलून दिलेल्या सेक्टरांची, १९७ क्रमांकाची वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेल्यांची आणि १९८ क्रमांकाची न सुधारणाऱ्यांची संख्या सांगते. १९७ चा आकडा शून्याहून अधिक असून वाढत असेल, तर वेळ कमी आहे. १९९ क्रमांक मात्र बहुधा केबलचा दोष दाखवतो. तो आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहायचे.

खराब सेक्टर असलेल्या डिस्कमधून फाइली एकेक करून ओढण्यापेक्षा संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घेणे हितावह असते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ग्नू डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अवघड जागा वगळत जाते आणि कुठे काय राहिले याची नोंद एका फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते. आज्ञा देताना मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे आकार आणि अनुक्रमांक पाहून दोनदा ताडून घ्यावे. ही अदलाबदल झाली तर परत फिरता येत नाही. पार्टिशन शोधणारे टेस्टडिस्क किंवा फाइली हुडकणारे फोटोरेक नंतर त्या प्रतीवरच चालवावे.

एसएसडी गप्प झाली तर

एसएसडीत फिरणारे काही नसल्यामुळे ऐकण्यासारखे लक्षणही नसते. ती काल होती आणि आज नाही. अचानक वीज गेल्यानंतर गायब झालेल्या काही एसएसडी, डेटा केबल काढून नुसती वीज अर्धा तास दिल्यावर, आतल्या नोंदी पुन्हा जुळवून परत येतात. प्रयत्न निरुपद्रवी आहे, म्हणून करून पाहावा. फर्मवेअरची नवी आवृत्ती आहे का, हेही उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावे. ही औपचारिकता नव्हे: नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील आणि त्यांच्यातला डेटाही परत मिळणार नाही, असे जाहीर करून तातडीने नवे फर्मवेअर दिले होते. तो आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. दोष चिपमध्ये नव्हता, तास मोजण्यात होता. अर्थात फर्मवेअर बदलणे हे डिस्क दिसत असतानाच करता येते आणि तेही डेटाची प्रत घेतल्यावरच.

प्रयोगशाळेकडे सोपवताना

डिस्क बायोसमध्ये येत नसेल, केबल-वीज-पोर्ट तपासून झाले असेल आणि डेटा हवाच असेल, तर तिला पुन्हा वीज देऊ नये. स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत ठेवून, भोवती किमान दोन बोटे जाडीचे मऊ वेष्टन गुंडाळून ती पाठवावी, आणि सोबत एका कागदावर लिहावे: डिस्क पडली होती का, कोणता आवाज आला, शेवटची केव्हा चालली, ती कुलूपबंद आहे का, तिच्यावर आजवर कोणते सॉफ्टवेअर चालवले, आणि कोणते फोल्डर सर्वांत आधी हवे आहे. दुखावलेले डोके किती वेळ टिकेल याची शाश्वती नसल्यामुळे तिथले तंत्रज्ञही वाचन त्या फोल्डरपासूनच सुरू करतात.